माशाचे पर झडू लागले तर: आधी पाणी, मग मीठ, औषध शेवटी

सगळ्यात आधी पराची कड नीट पाहा. मार लागून फाटलेल्या पराची चीर सरळ असते, बाकीची कड स्वच्छ आणि रंग पहिल्यासारखाच. सडणाऱ्या पराची कड दातेरी, पांढुरकी किंवा काळसर दिसते, कधी लाल रेघा उमटतात आणि ती रोज थोडी आत सरकते. हाच फिन रॉट. दोन दिवसांतला फरक नुसत्या नजरेला कळत नाही, म्हणून रोज एकाच बाजूने मोबाइलवर फोटो काढा. फाटलेला पर स्वच्छ पाण्यात बहुधा आपोआप भरतो. फिन रॉटचे जिवाणू, एरोमोनास वगैरे, माशांच्या टाकीत एरवीही असतात. मासा अशक्त झाला की त्यांचं फावतं.

मासा अशक्त का झाला, याचं उत्तर इंदूरात बहुतेक वेळा पाण्यातच सापडतं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, मधल्या दिवशी बोरिंग चालतं आणि गच्चीवरच्या टाकीत दोन्ही मिसळतात. बोरिंगचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. त्याचा पीएच जास्त असला तर माशांच्या घाणीतून होणारा तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो. म्हणून नर्मदेचं पाणी थेट नळावरून वेगळ्या ड्रममध्ये भरा, अँटिक्लोरिन (क्लोरिन मारणारं द्रावण) बाटलीवरच्या मापाने घाला आणि एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून रात्रभर ठेवा. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नायट्रेट 40 पीपीएमच्या खाली. तसं नसेल तर आठवडाभर रोज पाव टाकी पाणी बदला. जानेवारीत ड्रममधलं पाणी गार असतं. थोडं गरम पाणी मिसळून थर्मामीटरने टाकीशी जुळवून घ्या. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका! क्लोरिनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि अमोनिया पुन्हा वर चढतो. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळा.

कड तरीही आत सरकत असेल तर मासा 20 लिटरच्या टबात हलवा. वाळू नको, मोठ्या टाकीत आधीपासून चाललेला स्पंज फिल्टर आणि 50 वॉटचा हीटर पुरे. तापमान 26-27 अंश. गोल्डफिशला हीटर लागत नाही. मे महिन्यात उलटी अडचण होते: पाणी तिशीच्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तेव्हा हवा वाढवा आणि झाकण काढून पंखा लावा.

मीठ साधं, खड्याचं. लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे टबाला 20 ग्रॅम. चमच्याचा अंदाज नको, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. मगभर पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा थोडं थोडं ओता. खडे माशावर पडले तर कातडी भाजते. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्यामुळे 5 लिटर पाणी बदललं तर 5 ग्रॅमच घाला, आणि नुसतं उडालेलं पाणी भरताना अजिबात नाही. आठ-दहा दिवसांनी थांबा. कोरी आणि लोच हे तळाशी राहणारे मासे आणि जिवंत झाडं यांना मीठ सोसत नाही.

चार-पाच दिवसांत सड थांबली नाही किंवा ती पराच्या मुळाशी पोचली, तरच औषध. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, तो औषध शोषून घेतो. मिथिलीन ब्लू हे निळं औषध मोठ्या टाकीत ओतू नका: फिल्टरचे जिवाणू मरतात, सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे होतात. माणसांच्या टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकणं तर इथे निव्वळ वाया. जड पाण्यातलं कॅल्शियम तिला बांधून टाकतं.

खाणं दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं.

भरून येणाऱ्या पराला आधी पारदर्शक पापुद्रा येतो. त्याला बुरशी समजून पुन्हा औषध टाकणं ही नेहमीची चूक. बुरशी कापसासारखी फुललेली असते. भरायला दोन ते सहा आठवडे लागतात, रंग त्याहून उशिरा येतो. मुळापासून गेलेला पर बहुधा परत येत नाही.

मासा परत सोडण्याआधी टाकी तपासा. टायगर बार्ब सहापेक्षा कमी असतील तर ते एंजल आणि गप्पीच्या शेपट्या कुरतडतात. प्लास्टिकच्या झाडावरून जुना नायलॉनचा मोजा फिरवा. तो अडकला तर फायटरचा (लांब परांच्या बेटा माशाचा) परही अडकणार. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा, दगडांची जागा बदला, दिवा बंद करा आणि मासा जाळीने न धरता डब्यातून सोडा.