कीडाउनमध्ये खेळाडू हलवू नका

जावास्क्रिप्टमध्ये ब्राउझरचा गेम लिहिताना कॅनव्हासवर (पानावर चित्र काढायच्या जागेवर) चौकोन काढून तो बाणाच्या कळांनी सरकवणं, इथवर सगळेच पोचतात. खरी परीक्षा उडी घालताना होते. उजवा बाण दाबून ठेवा आणि पळता पळता स्पेसबार मारा. खेळाडू उडी मारतो, पण पुढे सरकायचा थांबतो. बोट बाणावरच असतं! यापायी मी कितीतरी रात्री टक्कर तपासणारा कोड उसवत बसायचे, आणि दोष तिथे नव्हताच.

कळ दाबली की ब्राउझर तुमच्या कोडला कीडाउन हा इव्हेंट (सूचना) देतो, सोडली की कीअप. कळ दाबून ठेवली की कीडाउन पुन्हा पुन्हा येतो, तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या ऑटो-रिपीटमुळे. ही सोय टायपिंगसाठी आहे: पहिलं अक्षर उमटतं, जरा वेळ जातो, मग भराभर ओळ लागते. म्हणूनच तुमचा चौकोन आधी एकदा सरकतो, अडखळतो आणि मग धावतो. त्यातून रिपीट होते ती फक्त शेवटी दाबलेली कळ. स्पेसबार दाबला की बाणाचे कीडाउन बंद. बाणाचा कीअप मात्र आलेला नसतो, कारण तुम्ही तो सोडलेलाच नाही. सगळी मेख इथे आहे.

तेव्हा कीडाउनमध्ये फक्त नोंद करा की ही कळ दाबलेली आहे, आणि कीअप आला की नोंद पुसा. हलवायचं काम रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेमच्या लूपमध्ये (ब्राउझर प्रत्येक फ्रेम रंगवण्याआधी जे फंक्शन बोलावतो त्यात), नोंद बघून. वेगाला मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुणा, नाहीतर 60 हर्ट्झवर (सेकंदाला 60 फ्रेम) नीट चालणारा खेळाडू 144 हर्ट्झच्या स्क्रीनवर सुसाट सुटेल. उडी एका दाबाला एकच हवी, म्हणून कीडाउन इव्हेंटचा 'रिपीट' गुण खरा असेल तर तो दाब उडी म्हणून धरू नका.

खेळता खेळता कुणी ऑल्ट-टॅब केलं, तर कीअप तुमच्या पानापर्यंत येतच नाही आणि खेळाडू आपोआप पळत राहतो. विंडोच्या ब्लर इव्हेंटवर (खिडकीवरचं लक्ष दुसरीकडे गेलं की तो येतो) सगळ्या नोंदी पुसून टाका. बाणांऐवजी डब्ल्यू-ए-एस-डी या कळा वापरत असाल तर इव्हेंटचा 'की' (उमटणारं अक्षर) नव्हे, 'कोड' (कीबोर्डवरची कळेची जागा) तपासा. मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरी टायपिंगची कळरचना) चालू असेल तर डब्ल्यूच्या जागी 'की'मध्ये ऐकाराची मात्रा येते. 'कोड' मात्र 'कीडब्ल्यू'च राहतो.

पहिल्याच गेमला तयार गेम-इंजिन घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. हे सगळं तिथे झाकलेलं असतं. आणि तुमच्या हातातून कीबोर्ड घेऊन स्वतःच दुरुस्ती करून देणाऱ्या सीनियरपेक्षा, 'कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या नोंदखिडकीत) काय छापून येतंय?' असं विचारणारा शोधा.

नोंदी बरोबर असूनही तीन कळा एकत्र दाबल्यावर एखादी कळ पोचत नसेल, तर घाबरू नका. बऱ्याच स्वस्त कीबोर्डांच्या सर्किटला काही ठराविक तीन कळा एकत्र दाबलेल्या ओळखताच येत नाहीत. दुसरा कीबोर्ड लावून बघा, नाहीतर उडीसाठी वेगळी कळ द्या.