परत बोलावू न शकणाऱ्यांसाठी प्रीतिभोजन

बायबलमधल्या लूक 14:12-14 मध्ये येशू जेवायला बोलावणाऱ्या यजमानालाच सांगतो: मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना बोलावलंस तर तेही तुला बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरीब, व्यंग, लंगडे, आंधळे यांना बोलाव. मंडळीत (चर्चमध्ये) प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून करायचं जेवण, ठरवताना ही यादीच कामाला घ्या. गरीब, म्हणजे रोजंदारी बुडणार नाही असा वार. लंगडे, म्हणजे तळमजल्यावरचा हॉल, खुर्ची-टेबल आणि आणायला-सोडायला रिक्षा. आंधळे, म्हणजे शेजारी बसून "भात समोर, रस्सा उजवीकडे, हाड आहे" असं सांगणारा माणूस.

आमंत्रण फलकावर लावून भागत नाही. आठ दिवस आधी घरी जाऊन नावानं बोलवा, आदल्या दिवशी आठवण द्या. "काही आणू नका" हे तेव्हाच सांगा. तरी कुणी डझनभर केळी आणली तर नाकारू नका, पंगतीत वाढा.

पन्नास पानं धरा: चाळीस पाहुणे, दहा यजमान. तांदूळ 5 किलो, हाडासकट चिकन साडेसात किलो, डाळ 2 किलो. डाळ चिकन न खाणाऱ्यांनाही चालते, म्हणून तिच्यात रस्सा मिसळू देऊ नका आणि तिचा डाव वेगळा ठेवा. तिखट न चालणाऱ्यांसाठी कमी तिखट भाजी नि मधुमेहींसाठी पोळ्याही ठेवा. भात शेवटी शिजवा. शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहू नये.

खरी गडबड वाढताना होते. सगळे यजमान डाव घेऊन उभे राहिले की ती पंगत राहत नाही, अन्नदानाची रांग होते. पाच जणांनी वाढावं, पाच जणांनी पाहुण्यांच्या मधे बसून तेच जेवावं, दुसऱ्या पंगतीला अदलाबदल करावी. कुणी सुटत नाही ना, हे पाहायला वाढणाऱ्या पाचांतलाच एक माणूस मोकळा ठेवा. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर झाली, तेव्हा त्यासाठी सात जण नेमावे लागले होते.

परतफेड मागच्या दारानं येते. फोटो, आभाराचं भाषण, देणगीदारांची नावं, "आता रविवारी उपासनेला या हं" ही सगळी वसुलीच. प्रार्थना छोटी करा. जेवण गार होईपर्यंत लांबणारी प्रार्थना हा पाहुणचार नव्हे.

उरलेलं अन्न द्यायचं तर स्टीलच्या डब्यात देऊ नका. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. घरात साखर नसलेल्या बाईला तो डबा जड होतो. टाकून देता येतील अशी भांडी वापरा.

आणि पुढे कुणी घरी चहाला बोलावलंच, तर "कशाला उगीच" म्हणू नका. जा. लूक 10:8 मध्ये शिष्यांना सांगितलंय तसं, पुढे ठेवतील ते खा.