आंबा घाटातून रत्नागिरी : या चुका टाळा

कोल्हापूर ते रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर. हा आकडाच घात करतो. "सकाळी निघू, दुपारी मिरकरवाडा बंदर, रात्री जेवायला घरी" हा बेत गाडी शिवाजी पूल ओलांडायच्या आधीच पक्का झालेला असतो. नकाशात अंतर दिसतं; घाट, धुकं, हायवेची कामं आणि दर अर्ध्या तासाला चहा मागणारे काका दिसत नाहीत. जाऊन-येऊन एका दिवसात होतं, नाही असं नाही. पण मग समुद्र गाडीच्या काचेतूनच बघायचा.

दुसरी चूक खास आपली, कोल्हापूरकरांची. निघताना मिसळ, तीही दोनदा कट मागून. मलकापूर मागे पडलं, आंबा गाव आलं आणि वळणं सुरू झाली की मागचं बडबडं पोर एकाएकी गप्प होतं. ते गप्प झालं की समजायचं. त्याला पुढच्या सीटवर घ्या, हातातला मोबाईल काढून घ्या, लांबच्या डोंगराकडे बघायला सांगा. पिशव्या सीटच्या खिशात हव्यात, डिकीत ठेवून उपयोग नाही. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधीच. मिसळ परत आल्यावर खा, ती कुठं पळून जात नाही.

ब्रेकवर घाट उतरणे

यावर जरा सविस्तर बोलतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. सात सीटच्या गाडीत आम्ही नऊ जण, वर टपावर बॅगा. घाट उतरताना जळका वास आला. मावशी म्हणाली, "कुणीतरी कचरा पेटवलाय वाटतं." मलाही ते पटलं! दोन वळणांनंतर ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खाली गेला, मऊ लागला, तेव्हा पोटात गोळा आला. रुंद जागा बघून गाडी कशीबशी कडेला घेतली. मागून आलेल्या ट्रकवाल्यानं खिडकीतूनच विचारलं, "पाव्हणं, न्यूट्रलवर सोडली हुती काय?"

सोडली होती. डिझेल वाचतं म्हणून. तो गैरसमजच आहे. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधन जवळजवळ बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे वाचत काही नाही, उलट सगळा भार ब्रेकवर येतो. पॅड तापतात, ती उष्णता ब्रेक ऑईलपर्यंत जाते, ते उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पेडल खाली बसतं. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट-४ ऑईल २३० अंशांच्या पुढे उकळतं, पण पाणी धरलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी कितीही कमी फिरलेली असो.

उतरताना तोच गिअर ठेवा, जो तीच चढण चढताना लागला असता. बहुतेक वळणांवर दुसरा. इंजिन घुरघुरतं, घुरघुरू दे. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल, म्हणजे लो गिअर. ब्रेक दाबून धरायचा नाही. नीट दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा. वास आलाच तर थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास शांत बसा. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, ती वाकडी होते. आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचला. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो धुक्यात दिसत नाही.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. मोठ्या गाडीत बसलं की आपल्याला तो हमखास आठवत नाही.

पावसाळ्यात

जुलैतला आंबा घाट देखणा, यात वाद नाही. पण पंचगंगा पात्राबाहेर आली की कोल्हापूरबाहेर केर्लीजवळ पाणी याच रस्त्यावर येतं. "मग गगनबावड्यावरून जाऊ" म्हणणारा एक शहाणा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याच पुरात तिकडं मांडुकलीला पाणी आलेलं असतं. त्या दिवशी घरी बसून भजी करा. धुक्यात लो बीम लावा. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय तेच कळत नाही. काच आतून धूसर झाली तर एसी लावा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या.

शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत, मिरकरवाड्यात नांगरून उभ्या असतात. या दिवसांत "आजची ताजी सुरमई" असं कुणी म्हणालं तर ती किती दिवस बर्फात होती तेवढं विचारा.

रत्नागिरीत पोचल्यावर

भाट्ये काय, आरे-वारे काय, गाडी वाळूत घालू नका. रीलसाठी तर नाहीच. रुतली की रेस दिल्यानं चाक आणखी खाली जातं. टायरची हवा कमी करा, चाकापुढची वाळू उकरा, दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास असतात, पण पाणी चढायला लागल्यावर तुमच्याकडे तेवढा वेळ नसतो.

परतताना दुपारी तीनच्या आत निघा, म्हणजे साखरप्याच्या पुढचा घाट उजेडात चढता येतो. मासे घ्यायचे तर निघतानाच घ्या. थर्माकोलचा डबा, खाली-वर बर्फ, झाकणाला चिकटपट्टी आणि डब्याखाली जाड प्लॅस्टिक. आमचे बांगडे साध्या पिशवीत होते. बर्फाचं पाणी डिकीच्या गालिच्यात मुरलं, आणि दिवाळीपर्यंत शेजारचं मांजर आमच्या गाडीखालून हललं नाही.