एल्ममध्ये पानावरचाच एडिटर: जळगाव साइडच्या नवीन पोरांसाठी

बीसीए-एमसीए करून घरूनच फ्रीलान्सिंग करणारी पोरं विचारतात की फंक्शनल प्रोग्रामिंग (म्हणजे जुना डेटा न बदलता फंक्शनने नवीन डेटा बनवत जायची पद्धत) शिकून उपयोग काय, म्हणून हे लिहितोय. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याची साइट केली होती, त्यांचा रोजचा भाव बदलतो, आणि त्यांनी सरळ सांगितलं, "भाऊ, मले ते डॅशबोर्ड-बिशबोर्ड नको, जठे भाव दिसतो तठेच बदलता आला पाह्यजे." म्हणजे पानावरच क्लिक करायचं, तिथंच टाइप करायचं, सेव्ह.

मी एल्म घेतली. इव्हान चॅप्लिकीने २०१२ ला काढलेली फंक्शनल भाषा, जावास्क्रिप्टमध्ये कंपाइल होते. यात सगळा खेळ तीन गोष्टींचा: मॉडेल, अपडेट आणि व्ह्यू. मॉडेलमध्ये पानाचा डेटा, अपडेट त्यातून नवीन मॉडेल बनवतं, आणि व्ह्यू ते दाखवतं, बस. पान म्हणजे ब्लॉकची लिस्ट धरायची, आणि ब्लॉक म्हणजे एकतर हेडिंग, नाहीतर पॅरा, नाहीतर भाव. नंतर त्यात फोटो हा चौथा प्रकार टाकला की कंपाइलर स्वतःच जागा दाखवतो, इथे फोटोचं काय करायचं ते लिहिलं नाही, तिथे पण नाही, आणि ते सगळं भरल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही (सुरुवातीला वैताग येतो, नंतर याच्याशिवाय जमत नाही). अनडू तर जवळजवळ फुकटात मिळतं कारण जुनं मॉडेल कधी बदलतच नाही, त्याला फक्त एका लिस्टमध्ये ठेवत जायचं. फक्त प्रत्येक अक्षराला एंट्री करू नका, माणूस त्या ब्लॉकमधून बाहेर पडला की एक एंट्री, नाहीतर कंट्रोल-झेड दाबून दाबून बोट दुखेल.

आता खरी अडचण. पानावर टाइप करू देणारं कंटेंट-एडिटेबल नावाचं अ‍ॅट्रिब्यूट आहे ना, त्यात ब्राउजर स्वतःच्या मर्जीने नोड (पानाचे आतले तुकडे) घालतो, काढतो, आणि एल्मला वाटतं की पान मी शेवटचं काढलं तसंच आहे. एकाच वावरात दोघं नांगर घेऊन उतरले तर जे होईल ते इथे होतं. कर्सर उडी मारून ओळीच्या सुरुवातीला जातो, कधी एल्मला हवा असलेला नोडच सापडत नाही आणि रनटाइम एरर (प्रोग्राम चालू असताना येणारी चूक) येते, आणि ती पण जिच्यात सहसा रनटाइम एरर येतच नाही म्हणतात त्या भाषेत!

मराठीत तर अजून मजा. "श्री" डोळ्याला एकच अक्षर दिसतं, पण आत श, हलन्त, र आणि दीर्घ ई असे चार कोड पॉइंट (कॉम्प्युटर मोजतो ती सुटी चिन्हं) आहेत आणि ब्राउजर कर्सरची जागा मोजताना चारच धरतो, त्यामुळे अक्षरं मोजून कर्सर परत बसवायला गेलात तर तो कुठे बसेल सांगता येत नाही. मोबाइलवर शब्द जुळत असताना त्याच्याखाली रेघ येते, त्याला कंपोझिशन म्हणतात, ते चालू असताना एल्मने पान परत काढलं की शब्द तुटतो नाहीतर डबल होतो. इंग्रजीत टेस्ट करून खुश होऊ नका, पहिल्या दिवसापासून मराठी कीबोर्ड लावून "केळी", "श्री", "नवती" असलं टाइप करून बघा.

उपाय म्हणजे हद्द ठरवणं. टाइप करायची जागा एका कस्टम एलिमेंटमध्ये (आपणच बनवलेला एचटीएमएल टॅग) टाकायची, तेवढं साध्या जावास्क्रिप्टमध्ये, आणि एल्मने त्याच्या आत बघायचंच नाही. एल्म त्याला सुरुवातीचा मजकूर देणार, ते एलिमेंट काम झालं की इव्हेंट पाठवणार, डीकोडर (बाहेरून आलेला डेटा ठरल्या प्रकारचा आहे का बघणारा एल्मचा भाग) तो तपासणार. भावाच्या ब्लॉकमध्ये आकडाच पाहिजे, तर "बाराशे" असं कोणी लिहिलं तर ते डीकोडरमध्येच अडतं, आणि मॉडेलमध्ये चुकीचं काही शिरत नाही. तरी सर्वरवर परत तपासाच, ब्राउजरवर कधी विसंबू नये. व्हॉट्सअ‍ॅप किंवा वर्डमधून पेस्ट केलं की फॉन्ट-रंग सगळं सोबत येतं, म्हणून पेस्टमधून फक्त साधा मजकूर घ्या.

बोल्ड, यादी, टेबल असं सगळं पाहिजे असेल तर मात्र स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका, प्रोझमिरर ही एडिटरची तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी घ्या आणि तीच त्या कस्टम एलिमेंटमध्ये बसवा.

नोकरीचं विचाराल तर एल्मची जाहिरात जळगाव-धुळ्यात दिसणार नाही, पुण्यात पण क्वचितच. ०.१९ ही आवृत्ती २०१८ ला आली, त्यानंतर भाषेत मोठा बदल नाही, त्यामुळे लोक मेलेली भाषा पण म्हणतात. पण रिडक्सची (रिअ‍ॅक्टसोबत स्टेट, म्हणजे अ‍ॅपचा चालू डेटा, सांभाळणारी लायब्ररी) कल्पना बऱ्यापैकी एल्मवरूनच घेतलेली आहे, म्हणून रिअ‍ॅक्टच्या इंटरव्ह्यूत स्टेट कुठे ठेवायची हा प्रश्न आला की तुमच्याकडे पाठ केलेलं नाही, स्वतः करून पाहिलेलं उत्तर असतं. सुरुवात फक्त भावाच्या एका आकड्यापासून करा, तो नीट सेव्ह आणि अनडू झाला की मग पॅराला हात लावा.