दुबार पेरणी टाळायची तर: कोरडवाहू सोयाबीनचं गणित

जूनमध्ये एखादी दांडगी सर येते, शेजारचा पेरायला निघतो आणि आपल्यालाही दम निघत नाही. मराठवाडा-विदर्भात कोरडवाहू सोयाबीनचा पैसा बऱ्याचदा इथेच बुडतो. वरच्या दोन बोटं ओलीत बी फुगतं, मोड येतो आणि आठ-दहा दिवस उघडीप पडली की तिथेच वाळतो. मग बियाणं, खत, मजुरी सगळं दुसऱ्यांदा.

म्हणून पाऊस स्वतःच्या रानात मोजा. सपाट बुडाचा, सरळ कडांचा डबा झाडापासून लांब ठेवा. रोज सकाळी आतलं पाणी पट्टीने मोजून लिहा आणि ओतून द्या. बेरीज 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय तिफण (पेरणीचं अवजार) जोडू नका. मधे मोठा खंड पडला असेल तर ही बेरीज फसवी. वीतभर खणून बघा: तळाच्या मातीची मूठ वळली पाहिजे.

तोवर घरच्या बियाण्याची उगवण तपासून घ्या. 100 दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी 70 चांगले उगवले तर एकरी 30 किलो बी पुरतं. 60 च उगवले तर 35 किलो लागेल. सोयाबीनची साल नाजूक असते. पोती आपटली की दाणा वरून धड दिसतो, पण उगवत नाही.

पेरताना खोली 3 ते 4 सेंटिमीटर. ट्रॅक्टरवर नेमकी इथेच चूक होते: फण खोल जातो, वर पाऊस पडून पापडी धरते आणि कोंब आतच मोडतो. पहिली ओळ पेरून झाली की उतरून माती उकरा, बी किती खाली पडलंय ते बघा.

सगळं रान सोयाबीनचं करू नका. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर घ्या. सप्टेंबरच्या खंडात सोयाबीनच्या शेंगा पोचट राहिल्या, तरी खोल मुळांची तूर परतीच्या पावसावर उभी राहते. पीक महिन्याचं झालं की कोळप्याच्या (ओळींमधलं तण काढायच्या अवजाराच्या) फासेला, म्हणजे पात्याला, दोरी गुंडाळून चार ओळींआड सरी पाडा. जादा पाणी तिथून निघतं, थोडा पाऊस झाला तर तिथेच मुरतं.

15 जुलैपर्यंत पेरणीजोगा पाऊस झालाच नाही तर सोयाबीनचा नाद सोडा. मूग-उडदाची वेळही गेलेली असते. तूर, बाजरी किंवा सूर्यफूल घ्या.