कोहळ्याचं सूप: आधी भाजा, पाणी नंतर

पुण्या-मुंबईचा लाल भोपळा म्हणजे आमच्या नागपूरचं कोहळं. तिकडे कोहळा म्हटलं की पेठ्याचा, पांढऱ्या गराचा. त्यामुळे पाहुण्याला बाजारात पाठवताना रंग सांगून पाठवावं लागतं. कोहळ्याची भाजी होते, गूळ-कणीक घालून बोंडं होतात, आणि डिसेंबरात पारा 10 च्या खाली घसरला की सूपही होतं.

माझं पहिलं सूप कुकरमध्ये झालं. दोन पेले पाणी, तीन शिट्ट्या. वाट्या समोर आल्यावर घरातून प्रश्न आला, "आज वरण पातळ झालं का?" चूक पाण्याची होती. कोहळ्यात 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यात मी आणखी ओतलं. भाजलं की त्यातलं पाणी आटतं, गराला तांबूस डाग पडतात आणि खरी चव तिथे तयार होते.

गोकुळपेठ बाजारात भाजीवाली विचारते, "पिकलेलं देऊ का कोवळं?" कोवळं भाजीला, सूपाला पिकलेलंच. गर गडद केशरी हवा, बिया टपोऱ्या, आणि साल इतकी टणक की नख रुतू नये. कापलेली फाक घेत असाल तर बियांजवळचे धागे बघा. बुळबुळीत असतील तर पुढच्या दुकानात जा. चौघांना पाऊण किलो पुरतं. शिवाय एक कांदा, लसणाच्या सहा पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, दोन चमचे तूप, जिरं, मिरी, मीठ आणि एक संत्रं.

साल काढायच्या फंदात पडू नका, विळीवर हात कापून घ्याल. सालीसकट दोन बोटं जाड फाका करा. लोखंडी तव्यावर चमचाभर तूप सोडून गराची बाजू खाली ठेवा आणि मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं हलवू नका. हात शिवशिवतो, पण राहू द्या. डाग पडले की उलटा, झाकण ठेवा, आच कमी करा. दहा-बारा मिनिटांत सुरी अलगद आत जाते. मग चमच्याने गर खरवडला की साल हातात राहते. तव्याच्या रिकाम्या कडेला लसणाच्या पाकळ्या सालीसकट भाजून घ्या. मग त्या सोलून बाजूला ठेवा.

उरलेल्या तुपात जिरं तडतडवा, कांदा आणि आलं परता. कांदा मऊ झाला की गर, लसूण, चमचाभर मीठ आणि दोन पेले गरम पाणी घाला. पाच मिनिटं उकळी पुरे. इथे सावजीचा मसाला टाकायचा मोह होईल, पण टाळा. कोहळं मुकं होतं. तिखट हवंच तर भिवापुरी मिरचीची चिमूट.

गॅस बंद करून मिश्रण कोमट होऊ द्या. गरम सूप मिक्सरमध्ये घातलं तर वाफ झाकण उडवते, म्हणून भांडंही अर्धंच भरा. वाटून पुन्हा गरम करा. घट्ट वाटलं तर पाणी वाढवा. कॉर्नफ्लोअरची गरजच पडत नाही.

आता संत्रं. कोहळं मुळात गोड, त्याला आंबट काहीतरी लागतंच. सूप उतरवल्यावर अर्ध्या संत्र्याचा रस, बिया गाळून, घाला. उकळत्या सूपात घातला तर त्याचा वास उडून जातो. संत्रं फारच गोड निघालं तर लिंबाचे चार थेंब. मात्र रस घातलात तर साय किंवा दूध नको, फाटायची भीती.

वरून मिरी कुटून टाका आणि सांबार चिरून घाला. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हेही पाहुण्यांना सांगावं लागतं. सोबत ब्रेड आणू नका. सकाळची ज्वारीची भाकरी त्याच तव्यावर कडक शेकून मोडून द्या.