खोबरेल तेलाची चव रोजच्या जेवणात खुपू नये म्हणून

खोबरेल तेलाची चव नको वाटते असे सांगणाऱ्यांची तक्रार खरे तर तीनपैकी एक असते. कुणाला प्रत्येक पदार्थात खोबऱ्याचा गोडसर वास येतो. कुणाला वासाचे काही वाटत नाही, पण टाळूला आणि ओठांना मेणासारखा थर बसतो. आणि कुणाच्या बाटलीतले तेल चक्क बिघडलेले असते, पण हे असेच लागत असणार असे समजून ते मुकाट्याने खाल्ले जाते. वासावर मसाल्यांचा उपाय चालतो, थरावर तो फारसा चालत नाही आणि बिघडलेल्या तेलावर कशाचाच चालत नाही. म्हणून आपली तक्रार यातली कोणती, ते आधी ठरवावे.

आधी नुसते तेल चाखा

तेल थिजलेले असेल तर वाटी कोमट पाण्यात ठेवून वितळवून घ्या. नाक चिमटीत घट्ट धरा, पाव चमचा तेल जिभेवर घेऊन तोंडात फिरवा आणि मग नाक सोडा. नाक सोडल्याबरोबर खोबरे जाणवले, आधी काहीच नव्हते, तर अडचण वासाची. नाक दाबलेले असतानाच तेलकटपणा नकोसा झाला, तर अडचण थराची. साबण चाटल्यासारखे वाटले, घसा खवखवला किंवा मागाहून कडवट चव आली, तर ते तेल खाण्यात ठेवू नका.

साबणाची चव कुठून येते? खोबरेल तेलातल्या मेदाम्लांपैकी जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते. ते ग्लिसरॉलला (मेदाम्लांना एकत्र धरणाऱ्या रेणूला) बांधलेले असते तोवर त्याला चव नसते. तेलात ओलावा शिरला की बंध तुटतात, आम्ल सुटे होते आणि सुटे लॉरिक आम्ल साबणासारखे लागते. या तेलात असंपृक्त मेद (हवेशी सहज संयोग पावणारा मेद) कमी, त्यामुळे हवेने ते इतर तेलांइतके लवकर खवट होत नाही. त्याचा खरा शत्रू पाणी. बरणीत घातलेला ओला चमचा किंवा उकळत्या भांड्यावर उघडी धरलेली बाटली एवढे पुरते. नारळाच्या दुधापासून घरी काढलेल्या तेलाच्या तळाशी पाण्याचे बारीक थेंब दिसत असतील, तर मंद आचेवर बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत तापवा, गार झाल्यावर कापडातून गाळा आणि कोरड्या बाटलीत भरा.

वासाची तक्रार असेल तर पहिला बदल तेलात

खोबऱ्याचा तो ओळखीचा वास मुख्यतः लॅक्टोन नावाच्या संयुगांचा. व्हर्जिन (शुद्धीकरण न केलेल्या) आणि कोल्ड-प्रेस्ड (न तापवता दाबून काढलेल्या) तेलात ती शाबूत असतात. रिफाइंड तेल बनवताना निर्वात टाकीत, २०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमानाला, तेलातून वाफ सोडून ती काढून टाकतात. म्हणून वास नको असेल तर सरळ रिफाइंड घ्यावे. त्यातले मेद जवळपास तेच असते. वासाबरोबर गंधद्रव्ये आणि थोडी सूक्ष्म संयुगे जातात. चव सोसवत नसताना केवळ लेबलवर 'व्हर्जिन' आहे म्हणून ते रेटण्यात फारसा अर्थ नाही.

व्हर्जिन तेल कढईत बराच वेळ तापवून वास घालवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो चालत नाही. लॅक्टोन सहज उडून जात नाहीत, त्यासाठी निर्वात आणि वाफ लागते. व्हर्जिन तेल मात्र सुमारे १७५ अंशांना धुरायला लागते. म्हणजे खोबऱ्याचा वास जाण्याआधी जळका वास येतो. (रिफाइंड साधारण २०० ते २३० अंशांपर्यंत टिकते, त्यामुळे तळण्यालाही तेच बरे.)

घरात व्हर्जिनच उरले असेल तर १ भाग व्हर्जिन आणि ३ भाग रिफाइंड खोबरेल किंवा दुसरे वास नसलेले तेल असे मिश्रण करा. हळूहळू सवय करायची असेल तर दर आठवड्याला व्हर्जिनचा भाग थोडा वाढवता येतो. केसांसाठी विकले जाणारे खोबरेल स्वयंपाकात वापरू नये. त्यात सुगंध किंवा खनिज तेल असू शकते, म्हणून बाटलीवर ते खाद्य असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा.

थराची तक्रार

इथे तापमानाकडे लक्ष द्यावे लागते. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांच्या खाली थिजते. तोंडात ते वितळते, पण त्यावर थंड पाण्याचा घोट घेतला की टाळूवर तिथल्या तिथे गोठते. मेणासारखे वाटते ते हेच. त्यामुळे या तेलातले जेवण गरम असतानाच खावे, सोबत कोमट पाणी किंवा गरम पेय घ्यावे. थंड सरबत किंवा आइसक्रीम लगेच पाठोपाठ नको. फ्रिजमधला पदार्थ नुसता कोमट करू नका. कडेचे पांढरे कण पूर्ण दिसेनासे होईपर्यंत तापवा.

याच्या उलट अडचणही आहे. पदार्थ वाफाळता असेल तेव्हा वास सर्वात जास्त उठतो. वास आणि थर दोन्ही खुपत असतील तर चुलीवरून उतरवून काही मिनिटे थांबावे आणि खाण्याजोगे गरम झाल्यावर वाढावे.

थर कमी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे तेल पदार्थात नीट मिसळणे. सूपवर किंवा कॉफीवर तरंगणारा तवंग ओठांना लागतो. तेच तेल बारीक थेंबांत विखुरले की जाणवत नाही. एका कप गरम कॉफीत १ चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलि, तेल घालून मिक्सरमध्ये २० ते ३० सेकंद फिरवा. चमच्याने ढवळून हे होत नाही, मिनिटभरात तेल पुन्हा वर येते. मिक्सरचे भांडे अर्ध्याहून जास्त भरू नका आणि झाकण थोडे सैल ठेवून वर कापड धरा. बंद भांड्यात वाफेचा दाब वाढून गरम द्रव अंगावर उडतो.

सॅलडसाठी नुसते खोबरेल निरुपयोगी, थंड भाजीवर पडताच त्याच्या गुठळ्या होतात. १ भाग खोबरेल, ३ भाग पातळ राहणारे तेल आणि २ भाग लिंबाचा रस असे फेटल्यास साधारण हवामानात ते पातळ राहते. फ्रिजमध्ये मात्र गढूळ होऊन घट्ट होईल, म्हणून लागेल तेवढेच करावे.

शिजवताना

लॅक्टोनसारखेच लसूण, मिरची, आले, दालचिनी आणि मिरी यांचे बरेचसे वासही तेलात विरघळतात. म्हणून मसाले पदार्थ शिजल्यावर वरून टाकण्याऐवजी आधी तेलातच परतावे. चार जणांच्या भाजीला १ मोठा चमचा (१५ मिलि) तेल मध्यम आचेवर तापवा. त्यात ठेचलेल्या ४ पाकळ्या लसूण, इंचभर आले आणि १ मिरची ३० ते ४० सेकंद परता. लसूण सोनेरी झाला की लगेच भाजी घाला, करपला की कडू होतो आणि ती कडू चव खोबऱ्याच्या गोडसर वासाशी अजिबात जमत नाही. कांदा तांबूस होईपर्यंत परतला तर आणखी सोपे, कारण भाजल्याचा वास खोबऱ्याचा वास झाकतो. आच बंद केल्यावर अर्ध्या लिंबाचा रस पिळा. आंबट चवीने तेलकटपणा कमी वाटतो, पण लिंबू उकळत ठेवले तर त्याचा ताजा वास उडून जातो.

सौम्य पदार्थांत मात्र हे तेल उघडे पडते. साधा भात, ऑम्लेट, पांढरा सॉस, दुधाचे सूप, नुसता उकडलेला बटाटा यांत व्हर्जिन तेल वापरू नका. वास लपवण्याऐवजी तो जिथे शोभतो तिथे वापरणे जास्त सोपे: केळे, अननस, आंबा, चॉकलेट, कॉफी, दालचिनी. खोबऱ्याचा वास आपण गोडाशी जोडतो, म्हणून गोड पदार्थात तो खटकत नाही.

केकमध्ये लोण्याऐवजी वापरायचे असेल तर वजनाला वजन बदलू नका. लोण्यात सुमारे ८० टक्केच मेद असते, खोबरेलात जवळपास सगळेच. १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तेल आणि १५ ते २० मिलि दूध किंवा पाणी घ्या. अंडी आणि दूध फ्रिजमधून काढून थेट घातल्यास तेलाचे पांढरे दाणे होतात आणि केकमध्ये तेलकट खळगे पडतात. सगळे जिन्नस आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

किती आणि कशासाठी

१ मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी आणि ११ ते १२ ग्रॅम संपृक्त मेद असते. जागतिक आरोग्य संघटना संपृक्त मेद एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात सुमारे २२ ग्रॅम. दोन मोठे चमचे तेलातच ही मर्यादा संपते. असंपृक्त वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल ('वाईट') कोलेस्टेरॉल वाढते, आणि शरीराला लागणारे लिनोलेइक आम्ल त्यात जेमतेम २ टक्के असते. तेव्हा चव आवडत नसेल आणि ते खाण्याचे ठोस कारणही नसेल, तर दुसरे तेल वापरणे हाच सरळ उपाय. कारण असेल तर १ चहाच्या चमच्यापासून सुरुवात करा आणि तो जेवणाबरोबर घ्या. उपाशीपोटी चमचाभर तेल गिळणे मळमळीला आमंत्रण आहे.

वैद्यकीय सल्ल्याने मध्यम साखळीचे मेद (ज्यातल्या मेदाम्लांची साखळी मध्यम लांबीची असते) हवे असेल, तर एमसीटी तेलाबद्दल, म्हणजे फक्त अशा मेदाच्या तेलाबद्दल, डॉक्टरांना विचारा. ते बऱ्याचदा खोबरेलापासूनच काढतात, त्याला जवळपास चव नसते आणि ते थंडीतही पातळ राहते. मात्र त्याने घसा चुरचुरू शकतो, एकदम जास्त घेतल्यास जुलाब होतात, आणि ते तळायला चालत नाही.

शेवटी भांड्यांकडे पाहा. सिलिकॉनची सील, प्लास्टिकचे डबे आणि लाकडी उलथणी वास धरून ठेवतात. मग दुसऱ्या तेलात केलेल्या पदार्थातही खोबरे येते आणि दोष तेलावर जातो. भांडे आधी कागदाने पुसा, मग गरम पाणी आणि साबणाने धुवा. वितळलेले तेल मोरीत ओतू नका, थंड पाइपात ते थिजून बसते.